शिक्षकाची नोकरी आणि शिक्षकाचे मत

कुंभार पिंपळगावला आमच्या ओट्यावर संध्याकाळी मंडळी जमतात, त्यांत दोघे-तिघे शिक्षक असतातच. पाऊसपाणी, कापसाचा भाव, उसाची तोड यांवर ते मोकळेपणी बोलतात. शाळेचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. माझे मामा एका खासगी अनुदानित शाळेत आहेत. शिक्षणसेवक असताना संस्थेच्या एका पूजेला त्यांना सपत्नीक बसण्यास सांगण्यात आले. मामांचा पूजाअर्चेवर विश्वास नाही. तरी ते बसले. "तीन वर्षं नुसती मान हलवली रे," असे ते अजून सांगतात. या एका वाक्याने मला हा लेख लिहावयास लावले.

मतासाठी नोकरी गमावलेला शिक्षक म्हटला की रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले व त्या विषयावर उघड लिहू लागले. गणित शिकविण्यात त्यांची चूक झाली, असा आक्षेप नव्हता. पण मिशनरी कॉलेजला त्यांचे कार्य मानवले नाही आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर काय झाले असते, हा विचार चरित्र वाचताना वारंवार येतो. अशी साथ व अशी जिद्द प्रत्येक मास्तरांकडून मागणे अन्यायाचे होईल.

म्हणूनच कायद्याकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा; तो १९८१ साली अमलात आला. कायम शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही. चौकशी समितीत एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकाने सुचविलेला व एक पुरस्कारप्राप्त शिक्षक असतो. बडतर्फी झालीच तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. परंतु याच कायद्याच्या पाचव्या कलमात परिवीक्षेवरील शिक्षकाचे 'काम किंवा वर्तन' समाधानकारक न वाटल्यास एक महिन्याची नोटीस वा पगार देऊन त्याला काढता येते. 'काम' समजले, 'वर्तन' या शब्दात काय काय बसते? हात न जोडणे बसते काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. नाशिकच्या सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालयातील इंग्रजीचे शिक्षक संजय साळवे प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडीत नसत. २००७ मध्ये यावरून वाद झाला व पुढे त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हात जोडण्याची सक्ती करणे हा मूलभूत हक्काचा भंग ठरेल, असे न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. (केरळात राष्ट्रगीताला उभी राहणारी, पण न गाणारी तीन मुले शाळेतून काढली गेली होती, सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितल्याचे आठवते.) साळवे बारा-एक वर्षांचे अनुभवी शिक्षक होते, ते लढू शकले. पहिल्या वर्षाचा शिक्षणसेवक लढला असता का? मला शंका आहे.

एक आक्षेप आमच्याच ओट्यावर आला : मास्तरने आपली मते पोरांच्या डोक्यात भरली तर? आक्षेप खरा आहे. समोरचा मुलगा उठून जाऊ शकत नाही, म्हणून फळ्यासमोर शिक्षकाने आवर घातलाच पाहिजे. पण स्वतःचे हात न जोडणे आणि मुलांना हात जोडू न देणे, यांत फरक आहे. संस्थाचालक हा फरक करीत नाहीत, एवढीच माझी तक्रार.

मामा आता कायम झाले आहेत. गेल्या वर्षी त्याच पूजेच्या वेळी त्यांनी खुर्च्या मांडल्या, प्रसाद वाटला आणि पाटावर बसले नाहीत. कोणी काही बोलले नाही. पाटावर नवा शिक्षणसेवक बसला होता. त्याला खरोखर बसायचे होते की नाही, हे मामांनी विचारले नाही. विचारले असते, तरी त्याने सांगितले नसते, असे ते म्हणतात.