छातीत धडधड का होते?

प्रश्नपत्रिका हातात पडण्यापूर्वी तुमची छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो. पुष्कळांना वाटते की आपणच भित्रे आहोत. पण हा भित्रेपणा नव्हे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. मेंदूला धोक्याची चाहूल लागली, की या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि स्नायूंना अधिक रक्त मिळते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलांचा अर्थ सांगितला. शरीर झुंजण्याची किंवा पळण्याची तयारी करीत असते! वाघ समोर आला तर ही तयारी कामाची. बीजगणिताच्या पेपरापुढे मात्र झुंजताही येत नाही आणि पळताही येत नाही.

आता एक प्रयोग करा. शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवून नाडी पाहा. मनात ४ अंक मोजत श्वास घ्या आणि ६ अंक मोजत सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना संथ होतात. हृदयाला लगाम घालणारा व्हेगस हा मज्जातंतू श्वास सोडताना अधिक जोर धरतो. म्हणूनच पाच मिनिटे असे केल्यास धडधड बरीच कमी होते.

मात्र या उपायाला मर्यादा आहे. दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, झोप आणि भूक उडाली असेल, आवडीच्या खेळातही गोडी वाटत नसेल, तर आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगून डॉक्टरांकडे जा. जगणे नकोसे वाटले, तर त्याच दिवशी, त्याच घटकेला कोणाला तरी सांगा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

शिक्षकांनीही असा विद्यार्थी आल्यास ‘मन घट्ट कर’ असे सांगण्याआधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. ताप तापमापकाने कळतो, नाडी बोटांना लागते. मनाचे दुखणे मोजणारे असे यंत्र नाही. ते दुसऱ्याला सांगितल्यावाचून कळत नाही.