दुर्बल हृदय आणि मधुमेहाची गोळी

रुग्णालयातून घरी आलेल्या हृदयरुग्णाच्या औषधांत मधुमेहाची गोळी आढळली, की घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. रुग्णास साखरेचा विकार नाही, तेव्हा गोळी चुकून लिहिली गेली असावी, असे समजून ती परस्पर बंद केली जाते. पुष्कळदा ती चूक नसते, आणि बंद करणे महागात पडते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. गरजेपुरते रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती कमी होते. मीठ व पाणी अंगात साठून पायांवर सूज येते, आडवे पडताच दम लागतो. रुग्णालयात हे पाणी उतरवून रुग्णास घरी पाठवितात. परंतु त्यानंतरचे काही आठवडे नाजूक असतात व अनेकांना पुन्हा दाखल व्हावे लागते.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्यामुळे लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी दाखविले. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही त्याच कुळातील आधुनिक औषधे होत. मूत्रपिंडात गाळलेली साखर ती रक्तात परत शोषू देत नाहीत. साखरेबरोबर काही मीठ व पाणीही बाहेर पडते. हृदयास होणारा सारा लाभ एवढ्यानेच होतो, असे मात्र नाही.

मधुमेहाची नवी औषधे हृदयास अपाय करीत नाहीत ना, हे तपासण्याचा दंडक अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये घातला. अपाय शोधू जाता गुण हाती आला. भारतासह २० देशांतील ४,७४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दीड वर्षात आजार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे, हे प्रमाण नेहमीच्या उपचारांवर २१.२ टक्के होते. डापाग्लिफ्लोझिनची जोड दिलेल्यांत ते १६.३ टक्के आढळले. यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता, तरी त्यांनाही तसाच लाभ झाला. मधुमेहाची सर्वच औषधे अशी नाहीत. पायोग्लिटाझोनने तर अंगात पाणी साठते व हार्ट फेल्युअर बळावू शकते.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये व एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्याने या गोळ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळू लागल्या आहेत.

गोळी चालू असता लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच. तेवढ्यावरून मधुमेह जडला असे मानू नये. गुप्तांगास खाज येऊ शकते, म्हणून स्वच्छता राखावी. बालवयात किंवा तरुणपणी जडणाऱ्या व इन्सुलिनवाचून न चालणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हे औषध सहसा देत नाहीत. उलट्या, जुलाब किंवा कडक उपवास असल्यास गोळी तात्पुरती थांबविण्याबाबत, तसेच ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तीन दिवस ती बंद ठेवण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. मळमळ, पोटदुखी व जोराचा श्वास सुरू झाल्यास, रक्तातील साखर फारशी वाढलेली नसली तरी, तत्काळ दवाखाना गाठावा. थांबविलेली गोळी पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करावयाची, हे त्याच वेळी कागदावर लिहून घ्यावे. एरवी ती कायमचीच राहून जाते.