व्यसनमुक्तीच्या कामात पडलेल्या भाच्यास

जैनाबाद,
२७ जानेवारी

चि. बाळ यास,


परवा सूनबाईंचा फोन आला होता. तक्रार अशी केली नाही तिनं, पण आवाज जड होता. तू कामावरून परस्पर कुणाच्या ना कुणाच्या घरी जातोस, परततोस तेव्हा लेक झोपलेली असते. तू स्वतः दारू सोडलीस आणि आता दुसऱ्यांच्या पाठीशी उभा राहतोस, याचा मला किती अभिमान वाटतो हे मी चारचौघांत बोलून दाखवतो, तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. आणि त्याच हक्कानं थोडं बोलतोही.

आजची तारीख बघून लिहायला बसलो. २०२२ साली याच दिवशी डॉ. अनिल अवचट गेले. त्यांच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातले सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांचं नाव तुला ठाऊक आहे, पण त्यांचं घर कसं होतं हे कुणी फारसं सांगत नाही. नवरा-बायको दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून शिकलेले डॉक्टर. बायको अनिता, घरातली सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करायच्या. अवचटांनी डॉक्टरकी सोडली, लिहायला लागले आणि घर अंगावर घेतलं. दोन मुलींचं खाणंपिणं, आवरणं, स्वयंपाक हे सगळं त्यांनी आवडीनं केलं. त्या काळात पुरुषानं हे करणं म्हणजे लोकांच्या चर्चेला विषयच.

पुढे ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहू लागले. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले, एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण उभं राहिलं. उपचारांची सगळी घडी अनिताबाईंनी बसवली. बरे झालेल्यांनाच तिथं कार्यकर्ते केलं. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, कारण दारू एकटा पितो पण आजारी घर पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. १९९७ साली अनिताबाई कॅन्सरनं गेल्या. आज ते काम त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर सांभाळते. ज्या घरात बाप मुलींजवळ बसला, त्या घरातली मुलगी पुढे शेकडो घरांजवळ बसते आहे. मला यात योगायोग दिसत नाही.

अवचट खिशात कागद बाळगायचे. बोलता बोलता घड्या घालत आणि त्यातून पक्षी, प्राणी उमटत. ओरिगामीवर त्यांनी पुस्तकही केलं. बासरी वाजवत, लाकडात शिल्पं कोरत. काहींना हे फावल्या वेळचे छंद वाटतात. मला वाटतं, ज्याची संध्याकाळ दारूशिवायही भरलेली आहे असा माणूस समोर दिसणं, हाच सोडू पाहणाऱ्याला मोठा आधार. तुझी स्वतःची संध्याकाळ काय आहे, सांग बरं? दुसऱ्याच्या दारात उभं राहणं एवढीच असेल तर एक दिवस तू थकशील. थकलेल्या सोबर माणसाची मला भीती वाटते.

आता कामाचं बोलतो. तू लोकांना लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतोस, असं कानावर आलं. बाळा, हे बंद कर. आपल्या जैनाबादच्या आहुखान्याची, त्या मुघलांच्या हरणांच्या बागेची, गोष्ट तुला लहानपणी सांगितली होती. तरुण औरंगजेब इथं हिराबाई जैनाबादीवर भुलला. तिनं त्याच्या हाती मद्याचा प्याला दिला, तो नाही म्हणत राहिला, आणि शेवटी ओठाला लावणार तोच तिनं काढून घेतला: तुझं प्रेम पाहायचं होतं, म्हणाली. गोष्ट म्हणून गोड आहे. पण पिणाऱ्याच्या घरात प्याल्यावरून प्रेमाची परीक्षा घ्यायची नसते. शपथ तिसऱ्या दिवशी मोडते, मग तोंड दाखवायची लाज वाटते, आणि ती लाज बुडवायला पुन्हा बाटली. आजचा दिवस नाही प्यायचो, एवढंच त्याच्याकडून घे. स्लिप झालीच, म्हणजे तो पुन्हा प्यायलाच, तर त्यानं सर्वांत आधी तुला फोन करावा, इतकं तुमच्यात मोकळं असू दे.

दुसरं, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडायला लावू नकोस. हातापायांची थरथर, घाम यावर भागलं तर ठीक. पण दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जातो. त्याला दवाखाना हवा. आणि पिणाऱ्यांच्या घरच्या माउल्या भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी घालतात ना, त्यांना हात जोडून थांबव. त्या गोळीवर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब पार खाली येतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. कुणाला रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर सरकारी हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर देऊन ठेव. प्रत्येक फोन तूच उचलायचा, असं कुणी सांगितलं?

आपल्याकडचे अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, मध्य प्रदेश सरकारनं २०२३ साली बंद केले. बाटली आता शेताच्या बांधावर आणि घरात उघडते, म्हणजे बायकापोरांच्या आणखी जवळ आली. काम वाढणारच आहे. म्हणून सांगतो, दोघंतिघं जोडीला घे, वार वाटून घ्या. सूनबाईंना पिणाऱ्यांच्या बायकांशी बोलू दे. तू दारू प्यायचास ते दिवस तिनं काढलेत, तिच्या तोंडची दोन वाक्यं तुझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा खोल जातील. पण तिला आधी विचार. कामाला जुंपू नकोस.

रविवारी तिघंही इकडे या. लेकीला तापीच्या पल्याडचा शाही किल्ला आपल्या काठावरून दाखवू. ज्या माणसाबद्दल तू मागच्या आठवड्यात फोनवर बोललास, त्याला सोमवारी बुऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयात मी घेऊन जातो, त्याच्या भावाशी माझं बोलणं झालंय. तू त्या संध्याकाळी घरी जा.

तुझा,
मामा