मार्गिकेची शिस्त : नियम आणि अंमलबजावणी

हाजिरा ते पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ नागपूर, भंडारा, राजनांदगाव, दुर्गमार्गे रायपूरला पोहोचतो. दुर्ग-रायपूर दरम्यान तो चौपदरी आहे. म्हणजेच एका दिशेला दोनच मार्गिका उपलब्ध होतात. भारतात वाहतूक डावीकडून चालत असल्याने उजवी मार्गिका मुख्यतः पुढील वाहन ओलांडण्यासाठी असते. एखाद्या संथ मालट्रकने ती व्यापली की मागील वाहने डावीकडून पुढे जाऊ लागतात. दुचाकीस्वारही त्याच बाजूने जात असल्याने त्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११८ अन्वये केंद्र सरकारने २०१७ मध्ये वाहनचालनविषयक विनियम लागू केले. त्यांच्या उल्लंघनासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७-अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार किमान ५०० व कमाल १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. यंत्रचलित वाहने हा समवर्ती सूचीतील, तर पोलीस हा राज्यसूचीतील विषय होय. त्यामुळे नियम केंद्राचे असले तरी रायपूरमधील कारवाई राज्याच्या यंत्रणेवर अवलंबून असते.

खरी अडचण पुराव्याची आहे. अतिवेग यंत्राद्वारे क्षणात मोजता येतो. मात्र वाहन दुसऱ्याला ओलांडत आहे की मार्गिका अडवत आहे, हे एका छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी काही अंतराचे सलग चित्रण आवश्यक असते. ब्रिटनने २०१३ मध्ये अशा वाहनचालकांना जागेवरच दंड करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तथापि, ठळक पट्टे, सूचनाफलक आणि चालकांचे प्रशिक्षण यांची जोड मिळाल्याशिवाय केवळ दंडाने ही शिस्त रुजणार नाही.