काळ्या द्राक्षांस रंग येतो कसा?

मण्यांत पाणी उतरू लागले म्हणजे काळ्या जातीच्या द्राक्षांचा हिरवेपणा मावळू लागतो. पानांत तयार झालेली साखर याच सुमारास मण्यांकडे वेगाने वाहू लागते, व तिच्या पाठोपाठ सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठते. साखर येथे केवळ गोडी देत नाही. रंग तयार करण्याची सूचनाही तीच पेशीस देते. ही सूचना पुढे पोचविण्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो, असे द्राक्षवेलीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या व सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

यावरून कॅल्शियम फवारताच घड काळे होतील, असा समज मात्र बागायतदारांनी करून घेऊ नये. सूचनेच्या कामी येणारे कॅल्शियम अत्यल्प असते. शिवाय मण्यास लागणारे कॅल्शियम बव्हंशी पाणी उतरण्यापूर्वीच मुळांवाटे पोचलेले असते. खरी अडचण बहुधा साखरेचीच! वेलीवर घड फार ठेवल्यास पानांची कमाई पुरत नाही, मणी तांबूस राहतात आणि बाजारात दर पडतो. म्हणून जादा घडांची विरळणी लवकर करावी व पाने रोगमुक्त राखावीत. उष्मा अधिक असल्यास साखर भरूनही रंग फिका राहू शकतो.