भाड्याच्या घरात वरच्या खोलीपर्यंत इंटरनेट

ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्यांना पहिलं घर मिळतं ते पुष्कळदा जुनं, विटांचं टेरेस घर. राऊटर खालच्या पुढच्या खोलीत, कारण बाहेरची वायर तिथेच आत येते. कामाचं टेबल मात्र वरच्या मागच्या खोलीत. मधल्या भरीव भिंतींपुढे वाय-फायचा दम संपतो, आणि केबलसाठी भोक पाडायचं तर घरमालकाची परवानगी लागते. अशा वेळी इथे मुरलेली मराठी कुटुंबं आधी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घ्यायला सांगतात. एक राऊटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून राऊटरला जोडायचा, दुसरा वर लावून त्यातून लॅपटॉपला वायर द्यायची. मधला प्रवास घरातल्याच विजेच्या तारांतून होतो.

जोडी नीट चालेल की नाही, हे ब्रँडपेक्षा तुमच्या घराच्या वायरिंगवर जास्त अवलंबून असतं. इथे सॉकेटची वायर फ्यूज बॉक्समधून निघते, एकेका सॉकेटला भेटत फिरते आणि परत तिथेच येते. याला रिंग म्हणतात. पुष्कळ घरांत खालच्या मजल्याची रिंग वेगळी, वरची वेगळी, कधी स्वयंपाकघराची तिसरी. दोन्ही अडॅप्टर एकाच रिंगवर आले तर उत्तम. वेगवेगळ्या रिंगवर असले तर सिग्नल फ्यूज बॉक्समधून वळसा घेतो आणि कमजोर होतो. तरी बहुतेक वेळा कामापुरता उरतो. फ्यूज बॉक्सवरच्या चिठ्ठ्या वाचल्या की कोणती रिंग कुठे जाते ते कळतं.

अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. एक्स्टेंशन बोर्डवर, विशेषतः सर्ज प्रोटेक्शन असलेल्या बोर्डवर, निम्मा जीव तिथेच जातो. सॉकेट अडू नये म्हणून ज्याच्या तोंडावर आणखी एक सॉकेट असतो तो प्रकार घ्या, आणि बोर्ड त्यात लावा.

खोक्यावरचे 1000, 2000 हे आकडे प्रयोगशाळेतले. घरात त्याचा एखादा हिस्साच हाती येतो. 600 लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त जोड्यांचं इथरनेट पोर्टच 100 मेगाबिटचं असतं, तेव्हा गिगाबिट पोर्ट आहे ना ते बघून घ्या. व्हिडिओ कॉलला मोठ्या वेगापेक्षा न अडखळणारी लाइन हवी असते. म्हणून परीक्षा खरी घ्या: वर कॉल चालू ठेवून खाली वॉशिंग मशीन सुरू करा, भारतातून आणलेला मिक्सर फिरवा. मोटारीचा विजेतला गोंगाट सिग्नल बिघडवतो. स्वस्त मोबाइल चार्जरही तेच करतात. ते शेजारच्या सॉकेटमधून काढा.

ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत परत करायचा हक्क इथे कायद्याने आहे. त्या मुदतीत वरच्या खोलीतले सगळे सॉकेट तपासून घ्या, खोकं आणि पावती जपून ठेवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पेअरचं बटण न विसरता दाबा. एकावर दाबल्यापासून दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावर. त्याने तुमच्या जोडीची स्वतःची गुप्त किल्ली तयार होते. कारखान्यातून आलेली किल्ली तशीच ठेवली, तर त्याच प्रकारचा शेजाऱ्याचा अडॅप्टर तुमच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो.

इंटरनेट अजून तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येत असेल, तर ती तार अडॅप्टरपासून लांब ठेवा. नाहीतर बाहेरून येणारी लाइनच मंदावू शकते. आणि स्वतःचं घर घेतल्यावर हा उपाय पुढे ओढू नका. रंगकाम, फरशीचं काम निघेल तेव्हाच कॅट 6 ची केबल भिंतीतून टाकून घ्या.