किमची शाकाहारी असते का?

प्रश्न : मी दूध-तूपही खात नाही. सोलला गेल्यावर कोरियन हॉटेलात काय मागवू?

उत्तर : सर्वांत आधी किमचीपासून सावध राहा. दिसायला नुसती कोबी, पण मुरवताना तिच्यात बहुधा खारवलेला जवळा किंवा मासळीचा अर्क घालतात. सूपसुद्धा पुष्कळदा सुक्या मासळीच्या पाण्यात शिजतं. म्हणून 'मांस नको' एवढ्यानं भागत नाही. मासळी, अंडंही नको, हे स्पष्ट सांगा. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, अंडं-मांस वगळून मागवता येतो. खरी मेजवानी मात्र बौद्ध मठांच्या जेवणात! त्यात कांदा-लसूणही नसतो. सोलमधल्या जोग्येसा मंदिरासमोरचं 'बालु गोंगयांग' हे हॉटेल त्यासाठीच प्रसिद्ध आहे. चव सौम्य, तरी आंबवलेल्या सोयाबीनची रुची जिभेवर रेंगाळते. तिथं जागा आधीच राखून ठेवा आणि दूध-मध चालत नाही, हे तेव्हाच कळवा.